घाई कोणाची? खेळाच्या कारभाऱ्यांस खुले पत्र

व्यावसायिक क्रीडास्पर्धांचे नियामक, संघांचे धनी आणि प्रक्षेपणाचे मक्तेदार यांच्या सेवेशी,



आपणां सर्वांना एकाच लखोट्यात पत्र घालण्याचे धाडस करतो आहे, याचे कारण असे की, कागदोपत्री आपले हुद्दे निरनिराळे असले तरी गेल्या काही वर्षांत आपली भाषा एकच झालेली आहे. हल्लीच्या तरुणांना धीर नाही, त्यांचे चित्त एका जागी ठरत नाही, दिवसभर बसून खेळ पाहण्याची त्यांची तयारी नाही, सबब खेळ आखूड करणे भाग आहे, असे आपल्यापैकी कोणी ना कोणी दर हंगामाच्या आरंभी म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात. ज्यांच्या नावे हा निवाडा होतो त्या तरुणांना कधी साक्षीला बोलावल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही. मी स्वतः तरुण नाही. आझाद मैदानावरच्या आणि शिवाजी पार्कवरच्या तंबूंत, पावसाळ्यात कांगा लीगच्या गळक्या कनातीखाली, चाळीसएक वर्षे गुणलेखकाचे काम मी केले. चेंडू पडला की वहीत टिंब, धाव निघाली की आकडा, एवढाच माझा या खेळाशी व्यवहार. पण ज्याच्या घरात सोळा वर्षांचा नातू आहे आणि ज्याला अजून थोडेफार ऐकू येते, त्याला या खटल्यात चार शब्द बोलण्याची मुभा असावी, असे मी धरून चालतो.

प्रथम एक कबुली देतो, म्हणजे हा म्हातारा जुन्याचे पोवाडे गाण्यासाठी लेखणी घेऊन बसला आहे, असा आपला ग्रह होणार नाही. माझे आजोबा आट्यापाट्यांचे वेडे होते आणि आम्ही पोरे तो खेळ टाकून साहेबाच्या फळकुटामागे लागलो म्हणून मरेपर्यंत हळहळत राहिले. माझ्या वडिलांनी ब्रेबर्न स्टेडियमवर पंचरंगी सामने पाहिले होते. १९४३ सालच्या एका सामन्यात हिंदूंकडून विजय मर्चंट नाबाद २५० करून गेल्यावर विजय हजाऱ्यांनी ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ कशा काढल्या, याचे वर्णन करताना त्यांचा आवाज चढे. आणि नंतर रणजी सामन्यांना तसा रंग राहिला नाही, लोकांना खेळ कळेनासा झाला, असे तेही म्हणत. म्हणजे आपला काळ संपला की खेळ संपला असे वाटणे ही आमच्या घराण्याची वहिवाटच आहे. शिवाय ज्या पंचरंगी सामन्यांना एवढी गर्दी लोटत असे, ते जमातवार संघांत खेळले जात आणि १९४० साली महात्मा गांधींनी त्यांना स्पष्ट विरोध नोंदवला होता, हेही विसरता येत नाही. गर्दी जमली एवढ्यावरून खेळाचा कारभार नीट चालला आहे असे ठरत नाही; मग गर्दी पांगली एवढ्यावरून बघणाराच बिघडला असे तरी का ठरावे?

आता आपल्या मुख्य आरोपाकडे येतो. माझा नातू सामना पाहत नाही, हे खरे आहे. तो सामन्याचे तुकडे पाहतो. एक षटकार, एक त्रिफळा, एक झेल, लगेच अंगठा वर सरकतो आणि पुढचे रील सुरू होते; कोणत्या संघाचा कोणत्या संघाशी सामना होता हे विचारावे तर त्याला आठवत नाही. आपण म्हणाल, हाच तर आमचा पुरावा. मीही काही काळ तसेच समजत होतो. पण २०२५ च्या उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडमध्ये गेला, पाचही कसोट्या पाचव्या दिवसापर्यंत चालल्या, आणि आमच्या घरात एक चमत्कारिक गोष्ट घडली. ओव्हलच्या कसोटीत चौथ्या दिवशी अपुऱ्या प्रकाशाने आणि पावसाने खेळ थांबला तेव्हा इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या आणि चार गडी शिल्लक होते. हा मुलगा रात्री बराच वेळ येरझारा घालत होता. दुसऱ्या दिवशी, ४ ऑगस्टच्या सोमवारी, महाविद्यालयातून कोणत्या सबबीवर तो निसटला ते मी विचारले नाही. साडेतीन वाजता तो माझ्या शेजारी येऊन बसला, आणि ख्रिस वोक्स एक हात गळ्यात अडकवून, दुसऱ्या हातात बॅट धरून पायऱ्या उतरू लागला तेव्हा त्याने माझे मनगट इतके घट्ट धरले की सिराजने शेवटचा त्रिफळा उडवून सहा धावांनी सामना जिंकून दिला तरी ते सुटले नाही. मोबाइल उपडा पडून होता. पाच दिवसांच्या खेळाचा शेवटचा तास म्हणजे काय असते हे त्याला त्या दिवशी कोणी समजावून सांगावे लागले नाही, कारण आधीचे चार दिवसही त्याने आपल्या तुटक पद्धतीने का होईना, मनात जमा करून ठेवले होते.

बुद्धिबळाचे तर विचारूच नका. पटावर वीस-वीस मिनिटे एक मोहरे हलत नाही, दोन माणसे कपाळाला हात लावून बसलेली असतात, आणि ही धीर नसलेली पोरे ते टक लावून पाहतात. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापुरात अठरा वर्षांचा गुकेश चौदाव्या डावाअखेर जगज्जेता झाला, किंवा पुढच्या जुलैमध्ये आपल्या नागपूरची दिव्या देशमुख बातुमीला विश्वचषक जिंकून आली, तेव्हा नातवाच्या मित्रमंडळात जी चर्चा मी ऐकली, तिच्यात कुठेही घाई नव्हती. सबब मुलांना धीर नाही हा आपला सिद्धान्त पुन्हा एकदा तपासून पाहावा, ही माझी पहिली विनंती. तो सिद्धान्त आपल्याला सोयीचा आहे, एवढेच त्याच्या बाजूने आजवर सिद्ध झालेले आहे.

आखूड करण्याचा हा उद्योग आता दोन तपांचा होत आला. २००३ साली इंग्लंडमधील कारभाऱ्यांनी, काउंटी सामन्यांना माणसे येत नाहीत, तरुण तर नाहीतच, अशी पाहणी करून वीस षटकांचा खेळ काढला. १८ एप्रिल २००८ रोजी बंगळूरला आपली लीग सुरू झाली आणि पहिल्याच रात्री मॅकलमने नाबाद १५८ धावा झोडपल्या. मीही त्या रात्री जागा होतो आणि मला मजा वाटली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तीन तासांत संपणारा खेळ हा मुळात दोषास्पद आहे, असे माझे म्हणणेच नाही. कबड्डीचा सामना चाळीस मिनिटांत संपतो आणि तो कोणाला अपुरा वाटत नाही. पण २०२१ साली त्याच इंग्लंडमध्ये वीस षटकेही लांब ठरून शंभर चेंडूंची स्पर्धा निघाली, आणि कारण पुन्हा तेच, तरुणांना वेळ नाही. ज्या औषधाची मात्रा दर खेपेस वाढवावी लागते ते रोगावर लागू पडते आहे की नाही, अशी शंका एखाद्या वैद्याला तरी यावी. रीलशी स्पर्धा करण्यासाठी सामना आखूड करत गेलात तर शेवटी रीलच उरेल. आणि रील फुकट असते.

तेव्हा मूळ दुखणे कुठे आहे ते माझ्या अल्पमतीप्रमाणे मांडतो. माणूस खेळाचा प्रेक्षक होतो तो दोन ठिकाणी: स्वतः खेळताना, आणि मैदानात कोणा जाणत्याच्या शेजारी बसून. या दोन्ही जागा आपल्या कारभारात हळूहळू बंद होत गेल्या आणि तिसरी एक जागा, पडद्यापुढची, तेवढी उघडी राहिली. ती जागा विकता येते म्हणून.

मैदानात शेजारी बसण्याचे म्हणाल तर माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी नातवाला घेऊन मी एका मोठ्या स्टेडियमवर गेलो. त्याचे नाव लिहीत नाही, कारण असे पुष्कळ आहेत आणि सगळे शहराबाहेर, महामार्गालगत, जिथे स्वतःच्या मोटारीशिवाय जाणे दुरापास्त अशा जागी उभे आहेत. फाटकावर आमच्या पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या. बंदोबस्ताचा भाग असेल, तक्रार नाही. पण आत वरच्या मजल्यावर छप्पर नव्हते, ऊन रणरणत होते, आणि उपाहारापूर्वीच पाणी संपले. पाणी कधी येणार हे कोणी सांगेना. जवळच्या आसनावर दोन कॉलेजकन्यका होत्या. त्या स्वच्छतागृहाकडे गेल्या त्या परतच आल्या नाहीत, आणि पुढे मी स्वतः तिकडे गेलो तेव्हा त्याचे कारण कळले. धावफलक होता, पण दोन षटकांमध्ये त्यावर जाहिराती चालत, आणि आम्हाला नेमक्या त्याच वेळी धावसंख्या पाहायची असे. चहापानानंतर नातू म्हणाला, “आजोबा, घरी बघू या ना. घरी सगळं नीट दिसतं.” मी त्याला काय उत्तर देणार? घरी खरोखरच सगळे नीट दिसत होते. त्या दिवसानंतर त्याने माझ्याबरोबर स्टेडियमवर येण्याचे नाव काढलेले नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आपल्या लीगच्या प्रक्षेपणहक्कांपोटी ४८,३९० कोटी रुपये ठरले, असे आपणच जाहीर केले होते. त्या आकड्यातली शून्ये मोजण्याइतके गणित मला येते. त्यातून एका प्रेक्षकाला एक पेला पाणी देता येत नाही, हे गणित मात्र मला आजतागायत सुटलेले नाही.

उलट जिथे फाटक उघडले तिथे काय झाले तेही पाहा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या रणजी सामन्यात विराट कोहली खेळणार म्हणून आणि प्रवेश विनामूल्य म्हणून सकाळपासून रांगा लागल्या. आपण म्हणाल, तो ६ धावांवर त्रिफळाचीत झाला आणि गर्दी ओसरली. ओसरली हे खरे. पण माझे वडील तरी ब्रेबर्नवर प्रथम गेले ते मर्चंटसाठीच गेले होते. हजारे त्यांना आत गेल्यावर सापडले. एका माणसाच्या नावाने मुले दारापर्यंत येतात, आत बसवून घेणे हे पुढचे काम, आणि ते एका सामन्यात होत नाही. त्याच महिन्यात रोहित शर्मा वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर मुंबईकडून खेळला तेव्हा जे लोक त्याच्यासाठी गेले, त्यांना जम्मू-काश्मीरच्या संघाने मुंबईला हरवताना पाहण्याचा योग आला. बेचाळीस वेळा रणजी करंडक जिंकलेल्या संघाला तिकडच्या पोरांनी धूळ चारली, याहून चांगली कथा कोणत्या रीलमध्ये असते? असे सामने वर्षातून एकदा, बड्या खेळाडूंचा सूर हरवला म्हणून, शिक्षेसारखे का यावेत? दर हंगामात राष्ट्रीय संघातील प्रत्येक खेळाडूने आपल्या प्रांताकडून दोन-तीन सामने खेळावेत आणि त्या सामन्यांच्या तारखा महिनाभर आधी वृत्तपत्रांत याव्यात, एवढा साधा बंदोबस्त आपण करू शकणार नाही काय?

तारखांवरून आठवले. २०२५ साली विदर्भ आणि केरळ यांच्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना नागपुरात झाला. केरळ प्रथमच अंतिम फेरीत आले होते. विदर्भाने पहिल्या डावातील आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक पटकावला. त्या सामन्याचा पाचवा दिवस २ मार्चचा, रविवारचा, म्हणजे शाळा-कचेऱ्यांना सुट्टी असलेला. आणि त्याच रविवारी दुबईत भारताचा न्यूझीलंडशी एकदिवसीय सामना! देशांतर्गत वर्षातील सर्वांत मोठ्या सामन्याचा शेवटचा दिवस आणि राष्ट्रीय संघाचा सामना एकाच तारखेस येऊ देणाऱ्या दफ्तराने तरुण रणजी पाहत नाहीत अशी फिर्याद करावी, याला काय म्हणावे? त्यातून सामना जामठ्याला, वर्धा मार्गावर. गावातले सिव्हिल लाइन्सचे जुने मैदान, जिथे पोरे सायकलवर जाऊ शकतील, ते तसेच राहिले.

मुलींविषयी एक शब्द वेगळा लिहावासा वाटतो, कारण त्यांची गणती आपण आजवर प्रेक्षकांत केलीच नव्हती. २०२३ साली महिलांच्या लीगच्या पहिल्या हंगामात स्त्रियांना प्रवेश विनामूल्य ठेवण्यात आला, हे आपल्या हातून घडलेले एक चांगले काम, आणि त्याचे श्रेय देण्यात मला आनंद आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या स्टेडियमवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून विश्वचषक जिंकला. पावसामुळे तो सामना सुमारे दोन तास उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपला, तरी प्रेक्षक उठले नाहीत. सांगलीच्या स्मृती मानधनाचे नाव पाठीवर लिहिलेले निळे सदरे घातलेल्या शाळकरी मुली त्यानंतर कित्येक दिवस लोकलच्या डब्यात मी पाहत होतो. या मुलींना धीर नाही असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

कबड्डीच्या संचालकांनी हे पत्र क्रिकेटवाल्यांचे आहे असे समजून बाजूला ठेवू नये. २०१४ च्या जुलैमध्ये आपली लीग सुरू झाली तेव्हा लालबाग-परळच्या, प्रभादेवीच्या गल्ल्यांत वाढलेला खेळ पोरांच्या तोंडी पुन्हा आला. चढाईला ‘रेड’ म्हणू लागली म्हणून बुजुर्गांनी नाक मुरडले, पण पोरे मांडीवर थाप मारू लागली हे काय थोडे झाले! आणि मग आपण काय केले? २०२५ च्या हंगामातील सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे भरवले. नावात मुंबई आणि पुणे मिरवणारे दोन संघ त्या हंगामात मुंबईत वा पुण्यात एकही सामना खेळले नाहीत. पुणेरी पलटण अंतिम सामन्यापर्यंत गेली ती आपल्या गावाला तोंड न दाखवता. खर्चाची अडचण असेल, मैदानाच्या भाड्याचा प्रश्न असेल; पण ज्या गावच्या नावावर आपण सदरे विकता त्या गावच्या पोराला आपला चढाईपटू एकदा तरी जवळून पाहता यावा, त्याच्या पायाखाली मॅट कशी दबते ते ऐकू यावे, एवढी जबाबदारी आपल्यावर येते.

पैशांच्या खेळांविषयी मी फार लिहीत नाही. कित्येक वर्षे दोन चेंडूंच्या मधे आपलेच नामवंत खेळाडू मुलांना ‘संघ बनवा, पैसे जिंका’ असे आवाहन करत होते, आणि माझा नातू सामना कोणी जिंकला हे न सांगता अमक्याने किती गुण मिळवून दिले हे सांगू लागला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये अशा खेळांना बंदी घालणारा कायदा झाला आणि राष्ट्रीय संघाच्या छातीवरचे अशाच एका कंपनीचे नाव काही दिवसांतच उतरले. ते कायद्याने उतरले; आपण उतरवले नाही, याची नोंद मुलांनीही घेतली असेल.

राहिली ती दुसरी जागा, स्वतः खेळण्याची. हा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही, तो महानगरपालिकेचा, असे आपण म्हणाल, आणि नियमाने ते बरोबरही असेल. परंतु १९८८ साली आझाद मैदानावर दोन शाळकरी मुलांनी ६६४ धावांची भागीदारी केली, ती एका सार्वजनिक, विनाफाटकाच्या मैदानावर, जिथे एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा असतो. तिचे कोठेही चित्रीकरण नाही. गुणलेखकाच्या वहीतले आकडे काय ते आहेत. असे असता त्या दोन मुलांची नावे या शहरात कोणाला सांगावी लागत नाहीत. आज आमच्या वस्तीतले एकुलते एक मैदान कृत्रिम हिरवळ अंथरून, जाळी लावून, तासाच्या भाड्याने दिले जाते. तिथे आठ-दहा पोरे वर्गणी काढून तासभर खेळतात. घड्याळवाला हाक मारतो, की अर्धा डाव तसाच टाकून बाहेर पडतात. तुकड्यांत खेळ पाहण्याची सवय यांना कुठून लागली, असा प्रश्न आपल्याला पडत असेल, तर त्या जाळीबाहेर एक संध्याकाळ उभे राहून पाहावे. आपल्या उत्पन्नातील एक ठरावीक हिस्सा दरसाल शहरांतील मोकळी मैदाने मोकळी ठेवण्यासाठी, रोलर, पाणी आणि माळ्यांचा पगार यांसाठी बाजूला काढावा, आणि त्याचा जमाखर्च जाहीर करावा, ही माझी दरखास्त. स्मारके, पुतळे आणि स्टँडांना नावे देण्याचा खर्च त्यापुढे अधिक भरतो की उणा, हेही मग लोकांना पाहता येईल.

पत्र लांबले. आपल्या भाषेत सांगायचे तर ते तीस सेकंदांत मावणारे नाही, त्याबद्दल क्षमा असावी. येत्या मोसमाचे वेळापत्रक तयार होत असेल. त्यात मुंबईचा एखादा रणजी सामना शनिवार-रविवार धरून, रेल्वे स्थानकावरून चालत जाता येईल अशा मैदानावर लावता आला, आणि तो कधी आहे हे आगाऊ कळले, तर मी माझी जुनी वही घेऊन येईन. नातवाला मी विचारून ठेवले आहे. पाणी असेल तर येतो म्हणाला.



आपला नम्र,
मैदानावरचा एक जुना गुणलेखक
दादर, मुंबई